मुकी काळी दोन

२०२३ सालचा मार्गशीर्ष. सोलापुरात थंडी पडली होती. त्या महिन्यात समरा पेटीच्या परीक्षेत नापास झाली. दोष माझा होता. मी तिच्या नानांची, चांदसाबाची पेटी.

चांदसाबानं मला पन्नास वर्षं वाजवलं. कव्वालीला नेलं, भजनालाही नेलं. माझ्या मधल्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी, काळी दोन, मुकी होती. दाबली की नुसती हवा जायची. दुरुस्तीला टाकणं त्याला कमीपणाचं वाटे. बोट उचलून तो ती जागा ओलांडायचा आणि तेवढा सूर गळ्यानं भरायचा. लोक वाहवा करायचे. मीही फुगायचे.

समरा सात वर्षांची झाली तशी त्यानं तिला माझ्यापुढं बसवलं. ती त्याचा हात बघून शिकली. हात चुकीचंही तेवढ्याच इमानानं शिकतो. बिघडलेल्या वाद्यावर पोर बसवू नका.

परीक्षेत गायचं नव्हतं. पेटीही दुसरी, धडधाकट. परीक्षकांनी विचारलं, "काळी दोन का सोडता?"

"सोडली? मला कळलंच नाही," समरा म्हणाली.

घरी येऊन तिनं हे सांगितलं, तेव्हा चांदसाब जेवत होता. ताट सारून उठला. मला उचलून महिपती पेटीवाल्याकडं घेऊन गेला. महिपतीनं आतला पितळी सूर, आवाज काढणारी बारकी जीभ, बदलला. पट्टी बोलू लागली. पण समराचं बोट माझ्यावर आलं की तिथून उडायचंच. महिना गेला. चांदसाब मला आणि समराला घेऊन पुन्हा महिपतीकडं गेला.

"सूर बदलला, चांदसाब," महिपती म्हणाला. "पोरीच्या डोक्यात पडलेली वाट कशी बदलू? येगळी पेटी दे तिला. हात नव्यानं शिकंल."

"मग ही घे बदल्यात."

समरा रडायला लागली. "नाना, मग तुमी काय वाजवणार?"

"तुझं बोट वळंल. माझं आता न्हाय वळत. मी ऐकतो की."

महिपतीनं माझे सूर काढून दुसऱ्या पेट्यांना लावले. भाता खिळ्याला टांगला.

वैशाखात चांदसाब दुकानात आला.

"काय रं, वाट चुकलास का?" महिपतीनं विचारलं.

"पोरीची परीक्षा झाली."

"मग?"

"काळी दोन लागली."

त्यानं माझ्या रिकाम्या पट्ट्यांवर हात ठेवला. बोटं हलली नाहीत.

माझं देणं फिटलं.