डोळ्याखालचा भोवरा

पाहुणे येणार म्हटले की बन्सीलालभाईंच्या घरात एक काम सगळ्यात आधी होई, ते म्हणजे भूमिकाला मागच्या खोलीत नेणे. भूमिका ही त्यांची सात वर्षांची नात, थोरल्या मुलाची मुलगी. जन्मापासून पाय ताठ, कंबरेत जोर नाही. उशीचा आधार काढला की बाजूला कलंडायची. धाकट्या मुलासाठी, धीरजसाठी, मुली पाहणे चालू होते. "एकदा सोयरीक पक्की होऊ द्या, मग काय दिसायचे ते दिसेल," असे सगळे म्हणत. घरातले कोणी दुष्ट नव्हते. केळीची बाग सांभाळणारे, शेजाऱ्याच्या अडीनडीला धावणारे तापीकाठचे ते गुजर कुटुंब. पण दार ओढले जाई, आणि आत ती पोर कपबश्यांचे आवाज ऐकत पडून राही.

नंदुरबारला तिचे व्यायाम करून घेणाऱ्या मोहिनी मॅडम एकदा म्हणाल्या, "एखादी शांत घोडी मिळते का पाहा. घोडी चालते तेव्हा वर बसलेल्याची कंबर आपोआप हलते, पाठीला तोल धरायची सवय लागते. चमत्कार होणार नाही, पण फायदा होईल. मी येऊन शिकवीन."

बन्सीलालभाईंचे डोळे चमकले. तरुणपणी त्यांच्या दारात घोडी असायची. मोटारसायकल आली आणि घोडी गेली. तिचे अंग घासायचा खरारा मात्र अजून माळ्यावर जपून ठेवला होता. अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा घोडेवाला व्हायचे निमित्त मिळाले, तेही नातीच्या भल्यासाठी!

धीरज हसला. "आप्पा, ह्या वयमा घोडी? लोके इचारतीन, नवरदेव कोन शे?"

दत्तजयंतीला बन्सीलालभाई, त्यांची बायको पार्वतीबाई आणि तिच्या कडेवर भूमिका, असे तिघे सारंगखेड्याच्या यात्रेत पोहोचले. नाचणाऱ्या, गोंडे लावलेल्या घोड्यांपुढे गर्दी होती. बन्सीलालभाईंना ते नको होते. बाजाराच्या कडेला म्हसावदच्या भीमसिंगची एक बुटकी, भुरी घोडी उभी होती. तेवढ्यात शेजारी ढोल कडाडला. आजूबाजूचे घोडे उधळायला लागले. हिने फक्त कान हलवला. मग मान खाली घालून तिने भूमिकाचे पाय हुंगले. भूमिकाने तिची आयाळ मुठीत धरली आणि खदखदून हसली.

बन्सीलालभाईंनी दात पाहिले, खूर पाहिले, चालवून पाहिली. सगळे उत्तम. शेवटी त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि हात तिथेच थांबला. डोळ्याखाली केसांचा भोवरा होता.

"आसूढाळ शे!" ते मागे सरले.

डोळ्याखाली भोवरा असलेली घोडी ज्याच्या दारात, त्याच्या घरात रडारड, असे घोडेवाले पिढ्यान् पिढ्या मानत आले आहेत. भीमसिंगने काही लपवले नाही. "म्हनीसनच कोनी लेत नही, भाई. पन आजलोंग तिनी कोनले लाथ मारेल नही."

"चाला," बन्सीलालभाई बायकोला म्हणाले. "असं जनावर मन्हा दारमा नको."

पार्वतीबाई जागच्या हलल्या नाहीत. "काबर? तिनी काय करं?"

"काही करं नही. पन पाव्हना येतीन, त्या पहिले भोवराच देखतीन."

"मंग पाव्हना उनात का तिलेबी मांगली खोलीमा कोंडी देसूत," पार्वतीबाई शांतपणे म्हणाल्या.

बन्सीलालभाईंची नजर भूमिकाकडे गेली.

"तुम्हीन दात देखात, खूर देखात, चाल देखी. सगळं चांगलं निंघनं. आनि केसना येक भोवराकरता सोडी चालनात! आपली भूमिकाले लोके तसंच देखतस. पन लोकेसले दोस कसाले देवाना? दार तं आपीनच लावतस!"

बन्सीलालभाईंना कोणी आजवर असे बोलले नव्हते. आणि बोलणे खोटे नव्हते! ते मान खाली घालून उभे राहिले. भूमिकाने आयाळ सोडलेली नव्हती.

"आबा, हाई घोडी आपली शे का?" तिने विचारले.

"शे! आपलीच शे!" बन्सीलालभाई म्हणाले आणि भर बाजारात रडले. आसूढाळ घोडीने रडवले म्हणायचे तर एवढेच.

त्या दिवसापासून माळ्यावरचा खरारा रोज सकाळी चालू लागला. मोहिनी मॅडमनी येऊन दाखवल्याप्रमाणे घोडीच्या पाठीवर जाड घोंगडी, तिच्यावर भूमिका, दोन्ही बाजूंना तिचे आईवडील, आणि पुढे दोर धरून आबा. फेऱ्या मारता मारता त्यांना स्वतःच्या गुडघ्यांची कुरकुर आठवेनाशी झाली. भूमिका चालायला लागली नाही. पण गहू कापणीला आला तोवर ती घोडीवर पाठ ताठ करून बसू लागली.

आणि धीरजला पाहायला शहाद्याचे पाहुणे येणार असा निरोप आला.

"आप्पा," धीरज चाचरत म्हणाला, "आजना दिन घोडी मांगे बांधा. आनि भूमिकाले..."

"दोन्ही अंगनमाच ऱ्हातीन."

पाहुणे गाडीतून उतरले ते अंगणातच थबकले. त्यांच्यातले वडीलधारे गृहस्थ घोड्यांचे जाणकार निघाले. "भाई, हाई तं आसूढाळ शे!"

"शे," बन्सीलालभाई म्हणाले.

"आनि वर बठेल पोर कोननी शे?"

"मी भूमिका!" वरूनच उत्तर आले. "आनि हाई मन्ही घोडी शे!"

गृहस्थांनी घोडीच्या मानेवर थाप मारली. मग खाटेवर बसले आणि त्यांनी चहा अंगणातच मागवला. सोयरीक त्या दिवशी ठरली नाही. "कळवतो" म्हणून पाहुणे गेले. बन्सीलालभाईंनी त्याचा घोर लावून घेतला नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर धीरजने त्यांच्या हातातला दोर घेतला. "आप्पा, तुम्हीन बसा. मी फिरवस तिले."

वाचकहो, माणूस असो की जनावर, त्याची पारख त्याच्या वागण्यावरून करावी, अंगावरच्या खुणेवरून नव्हे. आणि आपल्या लेकराची लाज वाटली, तर लपवायची गोष्ट ती लाज आहे, लेकरू नाही. पाहुणे येण्याआधी आपल्या घरातले कोणते दार ओढून घेतले जाते, ते एकदा बघा आणि ते उघडा.

बन्सीलालभाईंच्या मागच्या खोलीत आता घोडीचा चारा भरलेला असतो.