कानमहाराज आणि चार अँटेना

दवाखान्यासमोरच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ऐन उकाड्यात कानटोपी घालून बसलेले कानमहाराज डोळे मिटून म्हणाले, "सात वर्षांची मुलगी... रक्तात साखर चारशे बारा! आमचा कान विश्वाच्या नाडीवर आहे, माते!"

गर्दीने हात जोडले. मी दारातच थिजलो. ती मुलगी माझी भाची. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तो आकडा मीच काढला होता, पाच मिनिटांपूर्वी. डॉक्टरांखेरीज कुणालाच सांगितला नव्हता, आणि त्याचा कागद अजून माझ्या हातात होता.

"इंजेक्शन म्हणजे विष! आजपासून बंद. आमचं मंतरलेलं पाणी पाजा."

ताईने मान डोलावली.

"ताई, इंजेक्शन चुकलं तर पोर जिवानिशी जाईल गं!"

"न सांगता आजार ओळखतात ते. त्यांना उपाय ठाऊक नसेल? आणि ऐकलं नाही, शाप दिला तर?"

खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. महाराज गावात आल्यापासून घरीसुद्धा कुजबुजत बोलायला लागलो होतो. संध्याकाळच्या इंजेक्शनला सहा तास उरले होते. मी धावत आत्याकडे गेलो. जहाजांवरचे वायरलेस दुरुस्त करण्यात तिची हयात गेली.

"डॉक्टरांना आकडा कसा कळवलास?" तिने विचारलं.

"वायरलेसवरून. ते वरच्या मजल्यावर बसतात."

"म्हणजे गावभर ओरडून सांगितलास की! त्या कानटोपीत काय असेल, कळलं का?"

मी कपाळावर हात मारला. नावं, वयं, आजार, सगळं मीच रोज मोठ्याने वाचत होतो.

"मग वायरलेस बंदच करतो."

"कर. महाराज म्हणतील, देव रुसला. ताईला कळायला हवं."

पाच वाजता प्रयोगशाळेच्या भिंतीवर चार अँटेना लागल्या. आत्याने ताईच्या हातात एक छोटा रिसीव्हर दिला आणि तिला सभागृहात नेऊन बसवलं. मी आधी एकाच अँटेनावरून बोललो, "सात वर्षांची मुलगी, साखर तीनशे नव्वद." रिसीव्हरमधून माझा आवाज खणखणीत आला. क्षणभराने व्यासपीठावरून घोषणा झाली, "तीनशे नव्वद!"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

मग मी चारही अँटेना चालू केल्या आणि दुसऱ्या रुग्णाचा आकडा वाचला. वर डॉक्टरांना शब्दन्‌शब्द ऐकू आला. ताईच्या रिसीव्हरमध्ये नुसती खरखर. महाराजांनी टोपी चाचपली, कानात बोट घातलं आणि म्हणाले, "आज... आज आकाशात अपवित्र लहरी आहेत!"

"लहरीच आहेत," आत्या उभी राहून म्हणाली. "झोका दोघांनी एका तालात ढकलला तर उंच जातो, उलटसुलट ढकलला तर थांबतो. चार अँटेनांच्या लहरी डॉक्टरांच्या टेबलापाशी एकमेकींना साथ देतात, इथे एकमेकींना मारतात. शिवाय त्यात मी गोंगाट मिसळलाय. तो मात्र इथे वाजतो आणि टेबलापाशी विरतो. देव नाही, मंत्र नाही. उतरवा टोपी!"

टोपी उतरली. कानात हरभऱ्याएवढं यंत्र होतं.

सात वाजता ताईने सुई उचलली आणि मला म्हणाली, "अजून भीती वाटते रे."

"वाटू दे. भीत भीत टोच, पण टोच."

तिने टोचलं. भाची "आई गं!" म्हणून ओरडली, आणि मला रडू आलं.

वाचकहो, तुमचं गुपित कुणी अचूक सांगितलं तर घाबरा जरूर. पण पाय धरण्याआधी एवढं विचारा: याने हे ऐकलं कुठून? आणि समजा खरंच देवाकडून ऐकलं असेल, तरी आकडा ऐकणाऱ्याला औषध कळतं हे कुणी सांगितलं?