अडीच तासांवरचं मस्कत

मित्रांनो, कुंभवलीच्या शाळेतल्या लोखंडी कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या मागे बसलेला मी एक पत्र्याचा पृथ्वीगोल आहे. माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यात झाला. दोन अर्धगोल विषुववृत्तावर जोडले, वर रंगीत कागद चिकटवला, आणि १९७६ साली मी इथे आलो. कमलाकांत गुरुजी मला फिरवून देश दाखवत. माझ्यावर बोट ठेवायला मुलांची रांग लागे. ते माझे सुखाचे दिवस होते.

शाळा झाडायला गोदूबाई येत. त्या विधवा होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा नामदेव तारापूरच्या कारखान्यांत वेल्डिंग करायचा. १९८२ साली तो कामासाठी मस्कतला गेला. एकदा शाळा सुटल्यावर मला पदराने पुसता पुसता त्यांनी विचारलं, "गुरुजी, माजा नामदेव यात कुठं हाय?"

गुरुजींनी दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं मस्कतवर ताणलं. "सोळाशे किलोमीटर. विमानाला अडीच तास."

"यवडंच? मला मासवणला माहेरी जायला याच्यापरीस जास्त वेळ लागतो."

त्या हसल्या. मला फार अभिमान वाटला. घरी कुणी नसे, म्हणून त्या रोज काम झाल्यावर माझ्याजवळ बसत आणि मुंबई ते मस्कत बोट फिरवत. तिथला निळा रंग हळूहळू फिका झाला.

दोन वर्षांनी त्यांना तापाने धरलं. गुरुजींनी नामदेवला तार केली. गोदूबाईंना बरं वाटावं म्हणून त्यांनी मला त्यांच्या घरी नेऊन खाटेवर ठेवलं.

"तार पोचली असेल. उद्यापर्यंत येईल तो," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गोदूबाईंनी विचारलं, "अडीच तास झालं नाय का अजून?"

शाळेची वेळ झाली म्हणून गुरुजी उठले. तिसऱ्या दिवशी दुपारी गोदूबाई गेल्या. तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांचा हात माझ्यावर होता. तो गार होत गेला, आणि मला काहीच करता आलं नाही.

गुरुजींनी मला परत शाळेत आणलं. नामदेव अकराव्या दिवशी आला. शाळेच्या पायरीवर बसून म्हणाला, "पासपोर्ट मालकाकडं होता. रोज मागत होतो. काल दिला. विमानाला अडीचच तास लागलं, गुरुजी."

गुरुजी म्हणाले, "मी तिला नुसतं अंतर सांगत राहिलो रे."

त्यानंतर त्यांनी मला कधी वर्गात नेलं नाही. पुढे गुरुजी निवृत्त झाले, प्लास्टिकचा नवा गोल आला. माझ्या जोडावर गंज चढला आहे. माझ्यावरचे काही देशही आता उरलेले नाहीत. कपाट उघडतं ते खडू काढण्यापुरतं.

मित्रांनो, मला बाहेर काढा असा माझा हट्ट नाही. पण तुमच्याही शेजारी कुणाचं तरी माणूस लांब गेलेलं असेल. मागे राहिलेल्याने विचारलं, तर किलोमीटर सांगा, तासही सांगा. आणि सांगून झाल्यावर लगेच उठू नका.