सेवेरिनोच्या वाटणीचा भात

“आणखी एक डाव घाल,” आई म्हणाली. “माझा मुलगा काय चिमणीएवढं खायचा?”

पुरिता वहिनीने डाव खाली ठेवला. फोटोसमोरच्या ताटात भाताचा ढीग होता, त्याला टेकून डुकराच्या मांसाच्या तळलेल्या कुरकुरीत फोडी, आणि बाजूला खोबऱ्याच्या चिकट भाताच्या वड्या. माझा भाऊ सेवेरिनो जाऊन त्या दिवशी तीन वर्षं झाली होती. आमच्या बाताक गावात गेलेल्या माणसाचं ताट सगळेच मांडतात आणि प्रार्थनेनंतर घरचे ते वाटून खातात. आमच्या घरात मात्र ते बायकोने एकटीने खायचं, शेवटच्या शितापर्यंत. नाहीतर गेलेला माणूस उपाशी परततो, असं आई मानते, आणि आई मानते ते घर मानतं.

आधीची दोन वर्षं वहिनीने ते ताट संपवलं होतं. तेव्हा तिचं वजन एकशे सतरा किलो होतं. पाच महिन्यांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पोटाचा मोठा भाग काढून टाकला. उरलं ते एका केळ्याएवढं. आता हे ताट खाल्लं तर ती थेट दवाखान्यात जाणार, आणि नाही खाल्लं तर आई तिच्याशी बोलणं टाकणार. आई बोलणं टाकते ते वर्षानुवर्षं टाकते. माझ्या धाकट्या मावशीला विचारा.

खरं सांगायचं तर ऑपरेशन झालं तेव्हा मला वाटलं होतं, वहिनीला पुढचं पथ्य काही जमणार नाही. शाळेच्या उपाहारगृहात ती वीस वर्षं स्वयंपाक करते, दिवसभर हात भातात. पण बाईने मला खोटं पाडलं. दर रविवारी संध्याकाळी ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आठवड्याचं जेवण लिहून काढते. सोमवारी अंडं आणि शेवग्याचा पाला, मंगळवारी काटे काढलेला मासा नि भोपळा, शुक्रवारी मूग. वाढून घेते कॉफीच्या बशीत. आधी मासा, मग भाजी, आणि पोटात जागा उरलीच तर दोन चमचे भात. पाणी अर्ध्या तासाने. आमच्यात आधी भात पडतो आणि बाकी सगळं त्याला तोंडी लावणं, त्यामुळे तिची ही उलटी बशी बघून शेजारणी हसायच्या. ती पण त्यांच्याबरोबर हसायची आणि बशी तशीच भरायची.

पहिल्या महिन्यात आईने तिच्या सूपमध्ये गुपचूप भाताची पेज कालवली होती, मायेपोटीच. वहिनीला दोनदा उलटी झाली. पेजेची चव तिला कळली होती, पण तिने आईला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सूप स्वतः करायला लागली, एवढंच. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

त्या दिवशी मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. “हे बघ, आई पाहुण्यांना सोडायला फाटकापर्यंत गेली की मी खाऊन टाकते सगळं. माझं पोट शाबूत आहे.”

“तू तर पाहुण्यांदेखतसुद्धा संपवशील,” वहिनी हसली. मग म्हणाली, “नको गं. त्याच्या फोटोसमोर फसवाफसवी नको.”

तिने फळीवरून आपली बशी काढली. तिच्यात दोन बोटांएवढा मासा ठेवला, कारल्याची भाजी घातली, दोन चमचे भात घातला. बाहेर जाऊन भरलेलं ताट उचलून पाहुण्यांच्या टेबलावर ठेवलं आणि बशी फोटोसमोर मांडली. पाहुण्या बायका वळून बघायला लागल्या.

“हे कुणासाठी? मांजरासाठी?” आईने विचारलं.

“सेवेरिनोसाठी.”

“मेल्यावरसुद्धा माझ्या पोराला उपाशी ठेवणार तू?”

वहिनीने मान खाली घातली नाही. “आई, साखरेच्या आजारात त्याचा पाय गेला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला कागद दिला होता. भात एवढा, मासा एवढा. मी तो कागद तांदळाच्या डब्याखाली सारला. तो म्हणायचा, पुरिता, बस कर. मी म्हणायचे, बायकोच्या हातचं नकोसं झालं का? मग बिचारा खायचा.” तिने फोटोकडे बघितलं. “आता रोज माझी बशी मोजून भरते ना, तेव्हा रोज वाटतं, एवढं त्याच्यासाठी का नाही केलं. आज त्याला सोसेल तेवढं वाढलंय. एवढं मी खाईन.”

मला रडू आलं. पाय कापल्यावरही त्याच्यासाठी वड्यांचा डबा घेऊन जाणारी मीच होते.

कुणीतरी प्रार्थना सुरू केली. ती संपल्यावर वहिनी बशी घेऊन बसली आणि घास घोळवत सावकाश जेवू लागली. पाहुण्यांची जेवणं उरकली, हात धुऊन झाले, तरी तिचं चाललंच होतं. आई समोर बसून एकटक बघत होती. मासा संपला, भाजी संपली, एक चमचा भातही गेला. दुसरा चमचा वहिनीने तोंडाशी नेला आणि परत बशीत ठेवला. तिने छातीवर हात दाबला. पोट भरलं होतं, आणि बशीत चमचाभर भात राहिला होता. तिने घाबरून आईकडे बघितलं आणि पुन्हा चमचा उचलला.

“राहू दे,” आई म्हणाली. “जबरदस्ती करू नकोस.”

आईने बशी आपल्याकडे ओढली. तो भात तिने बोटांनी गोळा केला आणि शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

“झालं त्याचं जेवण,” ती म्हणाली, आणि बशी विसळायला उठली.