चार गठ्ठे

वजनाच्या बाबतीत आमच्या आईला कोणी फसवू शकत नाही. सहा महिने इथे परदेशात, रिकार्टनला माझ्याकडे राहून ती पुण्याला परत निघाली होती आणि बॅग काट्याला अडकवून तेवीस किलोंत बसवणं चाललं होतं. एक वस्तू आत, एक बाहेर. शेजारी मी लॅपटॉपवर माझी फिल्म शेवटची तपासत होते. गेल्या ऑगस्टच्या, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, वादळात डोंगरावर अडकलेल्या मेंढ्यांना हेलिकॉप्टरने गवत पोचवलं, त्याची फिल्म. पाच महिने तेच ते बघून मला बर्फाचा वीट आला होता.

आईने स्क्रीनवरच्या हेलिकॉप्टरकडे बघत विचारलं, "स्वप्ना, यात तू बसलीस तेव्हा खाली काय काढलं गं?"

झालं! अख्ख्या टीममध्ये कोणाला जे सुचलं नाही, ते हिला सुचलं.

पायलटने त्या दिवशी मला कॅमेऱ्यासकट काट्यावर उभं केलं होतं. ऐंशी किलो. म्हणजे गवताचे चार गठ्ठे. पण मला वरून शॉट हवा होता, हवाच होता. मेंढ्यांच्या मालकिणीला विचारलं, तर "स्वीट अ‍ॅज" म्हणाली, म्हणजे काही हरकत नाही, आणि तिने स्वतःच्या हाताने चार गठ्ठे उतरवले. तिचा नवरा तेव्हा खाली ट्रॅक्टरने रस्ता मोकळा करत होता. मग ढग उतरले आणि ती फेरी शेवटचीच ठरली. सगळ्यात वरच्या खडकावरच्या मेंढ्यांपर्यंत गवत पुरलं नाही. अकरा होत्या, सगळ्या गाभण. एकही वाचली नाही. उडताना बर्फात पडलेले ते चार गठ्ठे माझ्या कॅमेऱ्यात आले होते. तो शॉट मी गुपचूप कापला. लाज वाटली म्हणून, दुसरं काय.

आईला हे सगळं सांगितलं. तिने मधाची एक बरणी बॅगेतून काढून बाजूला ठेवली. मी निमूटपणे तो शॉट परत फिल्ममध्ये घातला.

शनिवारी अडीच तास गाडी हाकत फार्मवर गेले. माफी कशी मागायची याची वाक्यं वाटेत जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. मालकिणीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर फिल्म बघितली. गठ्ठे दिसले तशी तिने फिल्म थांबवली.

"हे काढ," ती म्हणाली.

मी म्हटलं, चूक माझी आहे, ती दिसू दे लोकांना. किती दिवस लपवायची? मी थकलेय आता.

"नवऱ्याला वाटतं, वाऱ्यामुळे पायलटने चार कमी घेतले. मीच तसं सांगितलंय त्याला. त्या अकरा त्याने एकट्याने ओढून खाली आणल्या." तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तुला जागा मी दिली होती."

बाहेर कुत्री भुंकली, त्याची गाडी आली होती. तो बूट काढेपर्यंत मी तो शॉट उडवला.

त्याने माझ्याशी हात मिळवला, शेजारी बसला आणि पूर्ण फिल्म पाहिली. शेवटी तो वरचा खडक आला. त्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. बायको सिंककडे तोंड करून उभी होती.

"त्या दिवशी वारा फार होता, नाही?" त्याने मला विचारलं.

"हो," मी म्हणाले. "फार होता."