सन पन्नासची सून

बदलापूरच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे, तिथे रात्री कुणी राहत नाही. सकाळी ते जागं होतं आणि संध्याकाळी कुलूप लावून झोपतं. ते संग्रहालय आहे. कौलारू घरं, आड, कुंभाराचं चाक, सगळं जुन्यासारखं उभं केलेलं. आणि मे महिन्याच्या सुट्टीत कॉलेजची पोरं तिथे कुंभार, लोहार, वाणी होऊन वावरतात. शहरातली कुटुंबं मुलाबाळांना घेऊन येतात, जात्यावर दळतात, कुरडया घालतात, आडाचं पाणी शेंदतात आणि हात दुखले की आइस्क्रीम मागतात. ते मिळत नाही, कारण गेटच्या आत सन एकोणीसशे पन्नास. हा सुनंदामॅडमचा नियम. संग्रहालय त्यांच्याच डोक्यातून निघालेलं आणि नियमाला बाई पक्क्या. कुणी मोबाइल दाखवला तर "ही कसली पाटी म्हणायची?" असं विचारायचं, पण साल सोडायचं नाही.

हेंद्रेपाड्याची मैत्रेयी या गावात पाटलाची सून होती. एस.वाय.ला शिकणारी, एरवी जीन्स घालून भटकणारी पोरगी. पण नऊवारी नेसून, नथ चढवून ओट्यावर उभी राहिली की बोलण्यात असा काही ठसका आणायची की आलेल्या बायका तिच्या सासूची चौकशी करायच्या. आलेल्या कुटुंबांना तिनेच घर दाखवायचं, तिनेच जात्यावर बसवायचं. पाच-सहा मुलींतून मॅडमनी तिला निवडलं होतं.

या गावात गावकुसाबाहेरचं घर मात्र एकही नव्हतं. मैत्रेयीने ते पहिल्याच दिवशी विचारलं होतं. जागा कमी पडली, असं मॅडम म्हणाल्या. जागा नेहमी तिथेच कमी पडते. मैत्रेयी नऊवारी नेसायला गेली. काम हवं होतं, आणि खरं सांगायचं तर सुनेचं काम तिला मनापासून आवडलं होतं.

आता तिला एकच ध्यास लागला. आजीने हे बघायला हवं. आजी म्हणजे भिमाबाई, वडिलांची आई. छप्पन साली आजीच्या वडिलांनी दीक्षा घेतली, गाव सोडलं, अंबरनाथला कारखान्यात चिकटले, ते घरातलं कुणी पुन्हा गावाकडे फिरकलं नाही. ज्या दाराजवळ पणजीला उभं राहायची सोय नव्हती, तसल्या दारात आपली नात मालकीण म्हणून उभी आहे, हे आजीने डोळ्यांनी बघावं, एवढंच मैत्रेयीला हवं होतं. त्यात थोडी फुशारकी होती, नाही कशाला म्हणा.

"मला गाव नको दाखवू," आजी म्हणाली. "मी बघितलंय."

"अगं आजी, खोटं गाव आहे ते. टाइमपास. सन पन्नासचं."

"त्या साली मी होतेच की. सहा वर्षांची होते."

पण नातीच्या हट्टापुढे कुणाचं चाललंय? आजी तयार झाली. आपण तिथे पाटलाची सून होतो, हे मैत्रेयीने मुद्दाम सांगितलं नाही. तिला आजीचा चेहरा बघायचा होता.

रविवारी शेजारच्या रामभाऊंनी आजीला रिक्षाने गेटवर सोडलं. वयाचा मान म्हणून रखवालदाराने तिला सगळ्यांच्या पुढे घातलं. मागे पाच-सहा कुटुंबं. गेटपासून पाटलाच्या घरापर्यंत सरळ गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला ओट्यावर मैत्रेयी, हातभर हिरव्या बांगड्या घालून.

तिला आधी आजीची पांढरी साडी दिसली. मग काखेतली पर्स. मग आजीच्या हातातल्या चपला.

आजी गल्लीच्या कडेकडेने येत होती. उन्हाने जमीन तापलेली, आणि ही अनवाणी, चपला हातात धरून, खाली बघत. मागच्या पोरांना वाटलं, हाही खेळच आहे. एकाने सँडल काढले, मग दुसऱ्याने, बघता बघता सगळी वरात चपला हातात घेऊन, पाय भाजतात म्हणून उड्या मारत, खिदळत निघाली. आयाबापांनीही काढल्या. मॅडमनीसुद्धा काढल्या.

"किती छान," ओट्याजवळ येऊन त्या हळूच मैत्रेयीला म्हणाल्या. "देवळात जावं तसा आदर. हे आपण रोजच्या कार्यक्रमात घेऊ या."

आजीचं आपल्याकडे लक्षच नाही, हे मैत्रेयीला दिसत होतं. स्वतःच्या हातात काय आहे, हेही आजीला ठाऊक नव्हतं.

उल्हासनगर कॅम्प तीनला जीन्सचं वर्कशॉप चालवणारा मुकेश बायको-मुलीला घेऊन आला होता. त्याची लेक पलक एका पायावर उभी राहून म्हणाली, "दीदी, चप्पल हातात क्यों पकडायची? पैर जल रहे हैं मेरे."

तेव्हा आजीने आपल्या हाताकडे बघितलं.

मैत्रेयीला धावत जाऊन तिला मिठी मारावीशी वाटली, कुठून हिला इथे आणलं असं झालं. पण आजीच बोलली, आणि अगदी शांतपणे बोलली.

"पाटलाच्या गल्लीतून आमच्या लोकांना चपला घालून जायची मनाई होती, बाळा. गल्ली आली की माझी आई म्हणायची, घे हातात. आता सत्तराच्या वर वर्षं झाली. असलं घर समोर दिसलं आणि हात आपोआप खाली गेला बघ. मला कळलंसुद्धा नाही."

खिदळणं थांबलं. पलकला मात्र अजून उत्तर मिळालं नव्हतं. "पण मना किसने किया?"

आजीने मान वर केली आणि घराकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. दारात नथ घातलेली मैत्रेयी उभी होती.

साल सोडणं सोपं होतं. 'ही माझी आजी' म्हटलं की झालं. मॅडमनीही मानेनेच तशी परवानगी दिली. पण साल सोडलं तर आजीला नात मिळणार, आणि नात तर तिच्याजवळ होतीच. या दारातून उत्तर मात्र आजवर कुणी दिलं नव्हतं.

मैत्रेयी पायऱ्या उतरून खाली आली.

"आम्ही केली," ती पलकला म्हणाली. "या घराने केली." मग आजीकडे वळली. आवाज पाटलाच्या सुनेचाच होता. "चूक आमची होती, बाई. तुमच्या आईंना तेव्हाच सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगते."

तिने आजीच्या हातातल्या चपला घेतल्या आणि वाकून तिच्या पावलांपुढे ठेवल्या. तोल सांभाळायला आजीने तिच्या डोक्यावर हात टेकला आणि एकेक पाय आत घातला. हात थोडा जास्तच वेळ तिथे राहिला.

"ऐकलं मी, पाटलीणबाई," आजी म्हणाली. डोळ्यांना पदर लावला, पाठ फिरवली आणि गेटकडे चालू लागली.

निघाली, मैत्रेयीला वाटलं. आता ही परत कधी यायची नाही.

गेटपाशी जाऊन आजी वळली. पदर खोचला आणि पुन्हा आत आली, आता गल्लीच्या मधोमध, चपला फटक फटक वाजवत. वाटेत पलकने आपले सँडल चढवले आणि तिचं बोट धरलं. मॅडम चपला घालून बाजूला झाल्या. आजीला घाई नव्हती. सगळी गल्ली ती चालून आली, आणि जशा कुणाच्याही घरी गेल्यावर काढतात, तशा ओट्याखाली तिने चपला काढून ठेवल्या.

"हं," ती नातीला म्हणाली, "दाखव आता तुझं घर."