देवाच्या डोक्यावर

रेश्मू सिड्डूंसाठी, म्हणजे पहाडी वाफवलेल्या रोट्यांसाठी, पीठ मळत होती आणि चुलीपाशी बसून नवरा दिलाराम आणि सासू छपराचं बोलत होते. पाटीच्या दगडाचं जुनं छप्पर यंदा नवं करायचं हे पक्कं झालं होतं. फक्त कोणाकडून, ते ठरत नव्हतं.

“झाबेरामदादाला द्या,” रेश्मू म्हणाली. “शाळेचं छप्पर त्यानेच घातलंय. सात हिवाळे झाले, थेंब गळला नाही. परवा अंगणातूनच बघून म्हणाला, मधली तुळई कुजलीय, आधी ती बदला.”

“तो खालच्या वस्तीतला, कळतं का तुला?” दिलाराम म्हणाला. “या कोनाड्यात देव. वर चढला की देवाच्या डोक्यावर पाय!”

“शाळेतल्या सरस्वतीच्या डोक्यावर चाललं वाटतं?”

“जीभ फार चालते हं,” सासू म्हणाली. “टेकचंद आहे ना. माझ्या बहिणीच्या दिराचा मुलगा. घरचा माणूस.”

“घरचा आहे हो. पण काम येतं का त्याला?”

काम टेकचंदलाच दिलं. टेकचंद आला, सासूच्या पाया पडला, तुपात बुडवून सिड्डू खाल्ले आणि त्याच कुजक्या तुळईवर नवे दगड चढवून गेला. गावाने छपराचं कौतुक केलं. वरून कीर्तन, आतून तमाशा!

पौषात तीन दिवस बर्फ पडलं. चौथ्या दिवशी दुपारी रेश्मू खाली गोठ्यात दूध काढत होती. तिची सहा वर्षांची लेक सुनी वर चुलीपाशी शेकत बसली होती. कडाड् आवाज झाला. रेश्मू धावत वर आली, तर खोलीत दगड आणि बर्फाचा ढीग, देवाचा कोनाडाही त्याखालीच. ढिगातून बारीक आवाज येत होता, “अम्मा... अम्मा...”

शेजारच्या खोलीतून दिलाराम आणि सासूही धावत आले. दिलाराम आणि रेश्मू नुसत्या हातांनी दगड ओढू लागले. त्यांना हलेनात. खालची वस्ती सगळ्यांत लांब, तरी पहार घेऊन पहिला धावत आला तो झाबेराम. दारापाशी मात्र तो थबकला. बर्फात जोडे काढून उभा राहिला.

“मालक, आत येऊ का?”

आणि दिलारामने, देवा रे, आईकडे पाहिलं! म्हातारीने मान खाली घातली.

“ये ना रे!” रेश्मू किंचाळली.

झाबेरामने एकट्याने तुळई उचलून धरली. सुनीला बाहेर काढलं तेव्हा तिचं अंग ऊन होतं, पण श्वास नव्हता.

झाबेराम उंबऱ्यात बसून लहान मुलासारखा रडला. “मालकीण, मी विचारत थांबायला नको होतं.”

“भाऊ,” लेकीला छातीशी धरून रेश्मू म्हणाली, “विचारायला तुला आम्हीच शिकवलं.”